एचडीएमआय २.१ आणि मुक्त ड्रायव्हरची कोंडी

प्रश्न असा आहे. एएमडीचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला नवा ४के टीव्ही एचडीएमआय केबलने जोडला आहे. विंडोजमध्ये सेकंदाला १२० फ्रेम मिळतात. त्याच संगणकावर, त्याच केबलने, लिनक्समध्ये मात्र ६० च्या पुढे जाता येत नाही, आणि १२० निवडलेच तर अक्षरांच्या कडा रंगीत व धूसर दिसतात. हा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्यांचा हलगर्जीपणा आहे का, आणि बंद मानकांमुळे, म्हणजे ज्यांचे दस्तऐवज सर्वांना वाचता येत नाहीत अशा मानकांमुळे, मुक्त सॉफ्टवेअरला (ज्याचा स्रोत कोणालाही वाचता व बदलता येतो अशा सॉफ्टवेअरला) धोका आहे असे जे म्हटले जाते त्याचा याच्याशी काही संबंध आहे का, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे. डिस्प्ले ड्रायव्हर आणि एम्बेडेड बोर्ड (इतर यंत्रांच्या आत बसणारे छोटे संगणक) हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी याचे सविस्तर उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. हलगर्जीपणा झालेला नाही. एएमडीच्या अभियंत्यांनी लिनक्ससाठी लागणारे काम केले होते. ते प्रसिद्ध करण्याची परवानगी मानक सांभाळणाऱ्या संस्थेने नाकारली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देणे योग्य होणार नाही, कारण बंद हार्डवेअरविषयी बोलताना आपण बंद चिप आणि बंद मानक या दोन वेगळ्या अडचणी एकत्र करतो, आणि त्यांतली जी अधिक घातक आहे तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते.

आधी आकडे पाहू, म्हणजे तुम्हाला पडद्यावर जे दिसते त्याचा नेमका उलगडा होईल. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात, परंतु तारेवरून तेवढेच पाठवून भागत नाही. प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी काही मोकळा अवधी ठेवावा लागतो, आणि तो धरला की टीव्हीसाठी ठरलेल्या मोजणीनुसार एक फ्रेम ४४०० गुणिले २२५० ठिपक्यांची होते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे ५९.४ कोटी ठिपके. प्रत्येकाला २४ बिट धरल्यास सुमारे १४.२६ गिगाबिट. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट आहे, पण तिच्यात दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवले जात असल्याने प्रत्यक्ष चित्रासाठी १४.४ गिगाबिट उरतात. म्हणजे ४के आणि ६० फ्रेम हे या आवृत्तीत जेमतेम मावते. १२० फ्रेमसाठी २८.५ गिगाबिट लागतात, ते मावण्याचा प्रश्नच येत नाही.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ ने ही मर्यादा ओलांडली ती केवळ वेग वाढवून नव्हे. १९९९ च्या डीव्हीआयपासून चालत आलेल्या टीएमडीएस या पद्धतीत तीन मार्गिकांवर चित्र जात असे आणि चौथीवर घड्याळाचा संकेत. नव्या पद्धतीत, जिला एफआरएल म्हणतात, घड्याळाची वेगळी मार्गिका काढून टाकली आहे, चारही मार्गिकांवर चित्रच जाते, प्रत्येकीचा वेग १२ गिगाबिटपर्यंत चढतो आणि एकूण क्षमता ४८ गिगाबिट होते. सांकेतिक पद्धतही बदलली असून १६ बिटांसाठी १८ बिट पाठवले जातात, त्यामुळे वाया जाणारा भाग बराच घटला आहे. मात्र एवढ्या वेगात दोन्ही टोकांची उपकरणे जुळण्यासाठी त्यांना चित्र सुरू होण्यापूर्वी आपसांत वाटाघाट करावी लागते: ठरावीक नमुने पाठवायचे, समोरच्याने ते नीट वाचले का हे विचारायचे, वाचले नसतील तर संकेताची पातळी बदलायची, तरीही जमले नाही तर एक पायरी खाली यायचे. ही सगळी क्रमवारी ड्रायव्हर आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आतच चालणारे सॉफ्टवेअर) मिळून चालवतात, आणि या क्रमवारीचे वर्णन मानकाच्या दस्तऐवजात असते.

लिनक्समधल्या मुक्त ड्रायव्हरला ही वाट बंद असल्याने तो टीएमडीएसच्या जुन्या मर्यादेत राहून १२० फ्रेम बसवू पाहतो. त्यासाठी रंगांची माहिती आडवी आणि उभी दोन्ही दिशांना निम्मी केली जाते. लागणारी क्षमता पुन्हा १४.२६ गिगाबिटवर येते आणि चित्र मावते. चित्रपट पाहताना डोळ्यांना हा फरक सहसा कळत नाही, पण बारीक अक्षरांत, विशेषतः निळ्या पार्श्वभूमीवरील लाल अक्षरांत, तो लगेच कळतो. तुम्हाला दिसणाऱ्या धूसर कडा याच आहेत. टीव्ही, केबल किंवा कार्ड यांत कोणताही दोष नाही.

आता परवानगीचा विषय. एचडीएमआयची पहिली आवृत्ती २००२ च्या डिसेंबरमध्ये सात कंपन्यांनी मिळून काढली, २.० पासून पुढच्या आवृत्त्या २०११ मध्ये स्थापन झालेला एचडीएमआय फोरम तयार करतो. आधीच्या काही आवृत्त्यांचे दस्तऐवज कोणालाही उतरवून घेता येत असत. २०२१ च्या सुमारास ही सार्वजनिक सोय बंद झाली आणि नवे दस्तऐवज करार केलेल्या कंपन्यांपुरते राहिले. लिनक्सच्या एएमडी ड्रायव्हरमध्ये २.१ ची सोय नाही ही त्रुटी सार्वजनिक नोंदीत बराच काळ उघडी होती. एएमडीच्या अभियंत्यांनी कंपनीच्या कायदा विभागासह बसून मानकातील कोणती गोष्ट मुक्त ड्रायव्हरमध्ये कशी दाखवता येईल याची छाननी केली, कंपनीच्या आत चालणारा ड्रायव्हर तयार केला आणि प्रस्ताव फोरमकडे पाठवला. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी त्याच नोंदीत कळवले की फोरमने प्रस्ताव नाकारला आहे, आणि फोरमच्या अटी मोडल्याशिवाय मुक्त स्रोतातील एचडीएमआय २.१ शक्य नाही.

या घटनेतील एएमडीची बाजू नीट लक्षात घ्यायला हवी. २००६ मध्ये एटीआय विकत घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी या कंपनीने आपल्या ग्राफिक्स चिपचे दस्तऐवज मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी खुले करण्याचे जाहीर केले, आणि २०१५ मध्ये लिनक्सच्या ४.२ या आवृत्तीत आजचा ड्रायव्हर आला. म्हणजे येथे चिप बनवणारी कंपनी स्वतः ड्रायव्हर उघडा करू इच्छिते. पैशांचीही अडचण नाही. मोठ्या उत्पादकाला एचडीएमआयसाठी वर्षाला १०,००० डॉलर आणि दर नगामागे काही सेंट द्यावे लागतात, आणि ते दिलेच जातात. विंडोजमध्ये तेच कार्ड १२० फ्रेम दाखवते ते त्यामुळेच. सिलिकॉन तयार आहे, अभियंते तयार आहेत, शुल्क भरलेले आहे, ग्राहकाने कार्डाची आणि टीव्हीची पूर्ण किंमत मोजलेली आहे, आणि तरीही काम अडते ते केवळ एका अटीपाशी: मानकाचा मजकूर गोपनीय आहे, म्हणून तो मजकूर ज्यातून वाचता येईल असा स्रोत प्रसिद्ध करता येणार नाही.

माझ्या मते धोक्याचे मूळ येथे आहे. ड्रायव्हरचा स्रोत हा मानकाचाच एक वाचता येणारा तर्जुमा असतो. चिपमधील कोणत्या रजिस्टरमध्ये (नोंदकप्प्यात) कोणता आकडा, कोणत्या क्रमाने, किती मायक्रोसेकंद थांबून, उत्तर न आल्यास काय करायचे, हे त्यात उघडपणे लिहिलेले असते आणि ते तसे लिहिल्याशिवाय ड्रायव्हर चालतच नाही. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, परवाना असा आहे की जो तो वितरित करतो त्याने स्रोतही द्यावा. त्यामुळे एका बाजूला प्रसिद्ध करण्याचे बंधन आणि दुसऱ्या बाजूला प्रसिद्ध न करण्याचे बंधन, अशा दोन करारांमध्ये ड्रायव्हर सापडतो. शुल्क, पेटंट, बोधचिन्ह यांवर काही ना काही तोडगा निघतो. गोपनीयतेची अट मात्र थेट स्रोताच्या प्रकाशनावरच पडते, आणि प्रकाशन हाच तर मुक्त सॉफ्टवेअरचा पाया आहे.

बंद चिपशी झगडण्याचा आमच्या क्षेत्राला जुना अनुभव आहे. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपचे दस्तऐवज मिळत नव्हते, तेव्हा काही जणांनी कंपनीच्या बंद ड्रायव्हरचे वर्तन अभ्यासून त्याचे वर्णन लिहिले आणि दुसऱ्या काही जणांनी, मूळ ड्रायव्हरकडे न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. लिहिणाऱ्यावर नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून कामाची अशी विभागणी करतात. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच्या नव्या चिपसाठी मुक्त ड्रायव्हर दिला. दरम्यान ज्यांना थांबायचे नव्हते त्यांनी इंटेलचे किंवा अथेरॉसचे कार्ड घेतले. वाय-फायचे मानक सर्वांना वाचायला उपलब्ध होते आणि एखाद्या कंपनीची चिप बंद असली तरी शेजारच्या कंपनीची उघडी असू शकत होती. या स्पर्धेमुळेच बंद राहणाऱ्यांवर दबाव आला.

मानकच बंद असेल तर हा दबाव निर्माण होत नाही. दिवाणखान्यातील टीव्हीला एचडीएमआयशिवाय दुसरे भोक जवळजवळ नसतेच. एएमडीऐवजी कोणतेही कार्ड घेतले तरी त्याच फोरमच्या त्याच अटी लागू होतात. ग्राहकाने नाराज होऊन कोणाकडे जावे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. स्टीम हे खेळांचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्हने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीम मशीन हे लिनक्सवर चालणारे खेळयंत्र जाहीर केले, तेव्हाही हार्डवेअर २.१ ला समर्थ असूनही सॉफ्टवेअरच्या बाजूने ते २.० च्या मर्यादेत आहे असे कंपनीला सांगावे लागले. एवढी मोठी कंपनी, एवढा मोठा ग्राहकवर्ग, आणि तरीही दुसरीकडे जाण्याची जागा नाही.

हे प्रथमच घडते आहे असे नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व्हरमधील डिस्क व नेटवर्क कार्डांसाठी आय-टू-ओ नावाचे मानक आले. एकाच पद्धतीचा ड्रायव्हर सर्व कार्डांना चालावा ही कल्पना उत्तम होती, पण दस्तऐवज पाहायचा तर सदस्यत्व घेऊन गोपनीयता करारावर सही करावी लागे. हे मानक सर्वत्र पसरले असते तर मुक्त प्रणालींना सर्व्हरच्या बाजारातून बाहेर पडावे लागले असते, अशी भीती तेव्हा उघडपणे व्यक्त होत होती आणि ती अवाजवी नव्हती. प्रत्यक्षात ते फारसे पसरलेच नाही. २००० मध्ये ते चालवणारा गट विसर्जित झाला. आपण वाचलो ते बाजाराच्या लहरीमुळे.

याच्या अगदी उलट उदाहरण यूएसबीचे आहे. यूएसबीचे दस्तऐवज कोणालाही उतरवून घेता येतात. यूएसबी ३.० आले तेव्हा इंटेलच्याच अभियंत्याने लिहिलेला मुक्त ड्रायव्हर २००९ च्या सप्टेंबरमध्ये लिनक्सच्या २.६.३१ आवृत्तीत आला, आणि यूएसबी ३.० चालवणारी लिनक्स ही पहिली प्रणाली ठरली. त्यामुळे यूएसबीचे काही बिघडले नाही. बोधचिन्ह व चाचण्या आजही त्यांच्याच संस्थेच्या हाती आहेत.

मेमरी कार्डाची हकिकत या दोन्हींच्या मधली आहे. २००९ मध्ये ठरलेल्या एसडीएक्ससी मानकाने ३२ गिगाबाइटपेक्षा मोठ्या कार्डांसाठी मायक्रोसॉफ्टची एक्सफॅट ही फाइल रचना सक्तीची केली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने जुन्या फॅट रचनेच्या पेटंटांवरून टॉमटॉम या दिशादर्शक यंत्रे बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला होता, त्यामुळे एक्सफॅटला हात लावायला लिनक्सची वितरणे (तयार संच) बनवणारे कचरत होते हे समजण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातले कार्ड काढून लिनक्स संगणकात घालावे आणि वेगळा ड्रायव्हर बसवल्याशिवाय ते वाचता येऊ नये, ही अवस्था दहा वर्षे टिकली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लिनक्समध्ये एक्सफॅट येण्यास पाठिंबा दिला. २०२० मध्ये ५.७ या आवृत्तीत सॅमसंगच्या अभियंत्यांचा चांगला ड्रायव्हर आला. ही गोष्ट सुखान्त म्हणून सांगितली जाते, पण तो शेवट एका कंपनीने आपले धोरण बदलल्यामुळे झाला, मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमामुळे नव्हे. सार्वजनिक मानकात एकाच्या मालकीची वस्तू सक्तीची करता येते ही मूळ पळवाट तशीच राहिली आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. एनव्हिडियाचे आणि इंटेलचे कार्ड लिनक्समध्ये एचडीएमआय २.१ दाखवतात, मग मुक्त ड्रायव्हर अशक्य कसा? याचे उत्तर पाहिले की धोका किती खोल आहे ते कळते. एनव्हिडियाने २०२२ च्या मे महिन्यात कर्नलमधील आपला भाग मुक्त स्रोतात दिला, परंतु त्याआधी ट्युरिंग पिढीपासून कार्डावरच एक स्वतंत्र प्रोसेसर बसवून बरेचसे काम त्यावर चालणाऱ्या बंद फर्मवेअरमध्ये हलवले होते. ड्रायव्हर त्या फर्मवेअरला केवळ निरोप देतो. डिस्प्लेची जुळणी आत होते, म्हणून मानकातील गुपित मुक्त स्रोतात दिसत नाही. इंटेलच्या आर्क कार्डांवर दुसरा उपाय आहे: चिपमधून डिस्प्लेपोर्टचा संकेत निघतो आणि कार्डावरची वेगळी रूपांतरक चिप त्याचे एचडीएमआय २.१ करते. त्या रूपांतरकाचेही स्वतःचे बंद फर्मवेअर असते.

दोन्ही ठिकाणी ग्राहकाला १२० फ्रेम मिळतात, आणि दोन्ही ठिकाणी मानकाने एकच गोष्ट साधली आहे: वापरकर्त्याला वाचता व बदलता येणाऱ्या भागातून काम काढून, त्याला वाचता न येणाऱ्या भागात ढकलले आहे. ज्या कंपनीने आपला ड्रायव्हर अधिक प्रामाणिकपणे उघडा ठेवला तिचा ग्राहक मागे राहतो आणि ज्या कंपनीने आतला भाग झाकून वरचे आवरण उघडे केले तिचा ग्राहक पुढे जातो. उद्या नवी चिप आखणारा अभियंता यातून कोणता धडा घेईल, हे सांगायला नको. मुक्त ड्रायव्हरवर बंदी न घालताही त्याला पोकळ करता येते ते असे.

फर्मवेअरवर कंपनीची सही असेल तर पोकळपणा कायमचा होतो. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी स्वतंत्रपणे लिहिलेल्या नूव्हो या ड्रायव्हरने याची मोठी किंमत मोजली आहे. २०१४ च्या दुसऱ्या मॅक्सवेल पिढीपासूनच्या चिपांनी कंपनीची सही नसलेले फर्मवेअर स्वीकारणेच बंद केले, आणि घड्याळाचा वेग वाढवणे हे काम त्या फर्मवेअरकडेच होते. अनेक वर्षे ही कार्डे नूव्होवर चालू होताना जो किमान वेग असतो त्याच वेगावर अडकून राहिली. अभ्यास करून, वर्तन पाहून, चिकाटीने ड्रायव्हर लिहिता येतो. खासगी किल्लीने केलेली सही चिकाटीने करता येत नाही.

माझ्या कामात याचा त्रास सर्वाधिक झाला तो एम्बेडेड बोर्डांवर. एका चिप विक्रेत्याच्या बोर्डावर आधारलेले उत्पादन आमच्याकडे होते. चिपच्या जाडजूड संदर्भपुस्तिकेत एचडीएमआयचे प्रकरण वगळलेले होते आणि त्याऐवजी विक्रेत्याने तयार केलेली, स्रोत नसलेली एक फाइल मिळाली होती, जी कर्नलच्या एका विशिष्ट जुन्या आवृत्तीशीच जुळत असे. कर्नलमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहिल्या, पण त्या आवृत्तीसाठी येणे थांबल्यावर आमच्यापुढे दोनच मार्ग उरले: दुरुस्त्यांविना यंत्रे चालवायची किंवा पडद्यावरचे चित्र गमवायचे. लिनक्सच्या कर्नलमधील अंतर्गत रचना प्रत्येक आवृत्तीत बदलते आणि ज्याचा स्रोत कर्नलमध्ये आहे त्या ड्रायव्हरला बदल करणारेच जुळवून घेतात. ज्याचा स्रोत नाही त्याला कोणी जुळवून घेऊ शकत नाही. मूळ विक्रेत्याचा उत्साह संपतो त्या दिवशी हार्डवेअरही संपते, मग ते विजेच्या दृष्टीने कितीही धडधाकट असो.

गोपनीयतेच्या समर्थनार्थ चाचेगिरीचे कारण दिले जाते, त्याचाही विचार केला पाहिजे. चित्रपटांचे संरक्षण एचडीसीपी नावाची स्वतंत्र व्यवस्था करते आणि तिचा परवानाही वेगळा असतो. १२० फ्रेमसाठी दोन चिपांनी आपसांत केलेली जुळणी उघड झाली म्हणून कोणत्याही चित्रपटाचे कुलूप उघडत नाही. खुद्द एचडीसीपीची मुख्य किल्ली २०१० मध्ये उघड झाली तेव्हाही एचडीएमआयचा बाजार कोसळला नाही. स्पर्धकांपासून गुपित राखायचे म्हणावे, तर स्पर्धक स्वतःच करार करून दस्तऐवज घेऊन बसलेले आहेत. या अटीमुळे ज्याला खरोखर दस्तऐवज मिळत नाही असा एकच वर्ग उरतो, तो म्हणजे करार करू न शकणारा स्वतंत्र लेखक.

आणि तोडगा अवघड नाही. २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नल विकासकांनी कंपन्यांना उघड निमंत्रण दिले होते की दस्तऐवज गोपनीय असेल तर आम्ही त्यापुरत्या गोपनीयता करारावर सही करू, पण त्यातून तयार होणारा ड्रायव्हर मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होईल. दस्तऐवज तुमच्याकडे, स्रोत सर्वांकडे, अशी ही विभागणी आहे. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या लोकांना असा करारही मान्य नसतो, आणि त्यांचा मुद्दा मला पटतो: दस्तऐवज न पाहिलेल्या पुढच्या माणसाला त्या ड्रायव्हरमधील चूक शोधता येत नाही. तरीही एचडीएमआय फोरमने एवढी सवलत दिली असती तरी तुमचा प्रश्न उद्भवला नसता. मानकाचे नाव, चाचण्या, शुल्क, यांतले काहीही त्यांना सोडावे लागले नसते.

भारतातील वाचकांसाठी कायद्याविषयी दोन गोष्टी. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२(१)(एबी) नुसार, संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या ज्याच्याकडे आहे त्याला, स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम इतर प्रोग्रॅमांसह चालावा यासाठी लागणारी आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती मिळवण्यास आवश्यक कृती करता येते. ड्रायव्हरचा अभ्यास करून नवा ड्रायव्हर लिहू इच्छिणाऱ्यांसाठी हा मोलाचा आधार आहे. परंतु ज्याने गोपनीयता करारावर सही केली आहे त्याला करार बांधतोच, आणि एचडीएमआय हे नाव किंवा बोधचिन्ह परवान्याशिवाय वापरता येत नाही ते वेगळेच. म्हणून या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुण अभियंत्यांना मी एकच सांगतो: कंपनीत कोणता दस्तऐवज उघडता आहात ते पाहून उघडा. एकदा पाहिलेला गोपनीय दस्तऐवज पुढे स्वतंत्रपणे लिहिण्याच्या तुमच्या मोकळिकीवर कायमची सावली टाकतो.

दुसरी गोष्ट सरकारी धोरणाची. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले. मानकाचा दस्तऐवज उपलब्ध असावा आणि त्यासाठी अत्यावश्यक असलेली पेटंटे स्वामित्वशुल्काविना मिळावीत, हे त्याचे गाभ्याचे निकष आहेत. ते सॉफ्टवेअर आणि माहितीची देवाणघेवाण यांसाठी आखलेले आहे. हार्डवेअर खरेदीला तोच न्याय लावण्याची वेळ आता आली आहे असे मला ठामपणे वाटते. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे देशी प्रोसेसर आरआयएससी-व्ही या खुल्या आज्ञासंचावर (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या यादीवर) उभे आहेत, त्याचा अभिमान जरूर असावा. पण अशा प्रोसेसरभोवती बंद फर्मवेअरची ग्राफिक्स चिप आणि बंद मानकाची डिस्प्ले जोडणी बसवली तर संगणक म्हणून त्या बोर्डाचे नियंत्रण पुन्हा बाहेरच जाते. महाविद्यालये, ग्रंथालये, महापालिका यांच्या निविदांमध्ये "मुख्य प्रवाहातील लिनक्स कर्नलमध्ये ड्रायव्हर उपलब्ध असावा आणि जाहीर केलेली सर्व वैशिष्ट्ये त्या ड्रायव्हरने चालावीत" हे वाक्य घालता येते. खरेदीची समिती ते मान्य करते, कारण त्यात कोणत्याही ब्रँडचे नाव नाही. आणि विक्रेत्याला ते टाळता येत नाही, कारण पडताळणी पाच मिनिटांत होते.

आता तुमच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न. नवा पडदा घ्यायचा असेल आणि तो संगणकासाठीच असेल, तर डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर घ्या. डिस्प्लेपोर्टचे मानक व्हेसा ही संस्था सांभाळते. तिचेही ताजे दस्तऐवज सर्वांसाठी मोफत नाहीत, म्हणजे ते आदर्श उदाहरण नव्हे, परंतु त्यावर आधारलेला स्रोत प्रसिद्ध करण्यास तिची आडकाठी नाही आणि एएमडीचा डिस्प्लेपोर्ट ड्रायव्हर पूर्णपणे उघडा आहे. डिस्प्लेपोर्ट १.४ वर फ्रेममधला मोकळा अवधी कमी ठेवून ४के, १२० फ्रेम आणि पूर्ण रंग मावतात.

टीव्ही आधीच घेतला असेल तर कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला लावायचा सक्रिय रूपांतरक घ्या. त्यावर एचडीएमआय २.१ आणि ४के १२० हे स्पष्ट लिहिलेले असावे. साधे स्वस्त रूपांतरक उपयोगी पडत नाहीत. रूपांतरकाच्या आत बंद फर्मवेअर असेल हे खरे, पण ते तुमच्या कर्नलच्या बाहेर, वेगळ्या वस्तूत राहते आणि ती वस्तू बदलता येते. तो आल्यावर पूर्ण रंग, दहा बिटांचा रंग, आवाज आणि झोपेतून उठल्यावर चित्र परत येणे या चारही गोष्टी पहिल्याच दिवशी तपासा. खेळांसाठी फ्रेमचा वेग बदलता ठेवण्याची सोय हवी असेल तर तीही तपासा, कारण अनेक रूपांतरक नेमके तेथेच कमी पडतात. म्हणून परत घेण्याची हमी देणाऱ्या दुकानातूनच खरेदी करा.